परदेशात मुले वाढवताना आईवडिलांनी मागे पडू नये म्हणून

नव्या देशात बिऱ्हाड मांडणाऱ्या कुटुंबाला सगळ्यात जास्त काळजी असते ती मुलांची. त्यांना भाषा येईल का, मित्र मिळतील का, अभ्यास झेपेल का, हे प्रश्न विमानात बसण्यापूर्वीच सुरू होतात. प्रत्यक्षात लहान मूल बहुधा वर्षा-दोन वर्षांत रुळते आणि मागे रेंगाळतात ते आईवडील. मुलाचे दिवसाचे सहा-सात तास थेट त्या समाजात जातात, त्यामुळे तिथली बोली, तिथले विनोद, खेळातले अलिखित नियम आणि शिक्षकांशी बोलण्याची रीत हे सगळे त्याच्या अंगवळणी पडते. आईवडिलांचा वेळ मात्र नोकरी, कागदपत्रे आणि आपल्यासारख्याच परक्या माणसांची सोबत यांत संपतो. काही वर्षांनी बँकेचे पत्र मूल वाचून दाखवते, दवाखान्यात मूल बोलते, शाळेची सूचना मूल सांगेल तेवढीच घरात कळते. आणि मग त्याच मुलाला पंधराव्या वर्षी ‘हे चालणार नाही’ असे सांगताना आईवडिलांच्या शब्दाला वजन उरलेले नसते.

अलेहान्द्रो पोर्तेस आणि रुबेन रुम्बाउत या समाजशास्त्रज्ञांनी १९९२ पासून अमेरिकेतील मायामी आणि सॅन दिएगो परिसरातील स्थलांतरितांच्या पाच हजारांहून अधिक किशोरवयीन मुलांचा अनेक वर्षे पाठपुरावा केला. जिथे आईवडील आणि मुले साधारण बरोबरीने नवा समाज शिकत गेली, किंवा आईवडिलांच्या पाठीशी आपल्या माणसांचा भक्कम आधार होता, तिथे मुलांना घराचे पाठबळ टिकून राहिले. मुले भराभर पुढे गेली, घरची भाषा सोडून बसली आणि आईवडील जागच्या जागी राहिले, तिथे भूमिका उलट झाल्या आणि नेमक्या अडचणीच्या वयात मुलांना घरातून मिळणारा आधार तुटला. पुढील मार्गदर्शन हे अंतर कमी ठेवण्यासाठी आहे. त्यासाठी आईवडिलांना पुढे सरकावे लागते आणि मुलांच्या हातून घरची भाषा सुटू द्यायची नसते. यातले एकच केले तर पुरत नाही.

निघण्यापूर्वी आणि पहिले काही महिने

देश बदलत असल्याची बातमी मुलांना लवकर आणि खरी सांगावी. तिथे किती मजा येईल याची वर्णने करण्याच्या भरात काय सुटणार आहे हे लपवले, तर मूल पुढच्या आश्वासनांवरही विश्वास ठेवत नाही. मित्रांचा, शिक्षकांचा आणि घराचा रीतसर निरोप घेऊ द्यावा. सामानात काय न्यायचे यातील थोडा भाग मुलाने स्वतः ठरवावा, मग ती वस्तू मोठ्यांना कितीही निरुपयोगी वाटो.

कागदपत्रांत जन्मदाखला, लसीकरणाची तारीखवार नोंद, मागील दोन-तीन वर्षांच्या गुणपत्रिका आणि मुलाला काही उपचार किंवा विशेष शिक्षण चालू असेल तर त्याचे अहवाल हातसामानात असावेत, आणि त्यांची प्रमाणित भाषांतरे निघण्यापूर्वीच करून घ्यावीत. बहुतेक देशांत मुलाचा वर्ग वयावरून ठरतो, पण वय कोणत्या तारखेपासून मोजायचे याचा नियम जागोजागी वेगळा असतो. इंग्लंडमध्ये ही मोजणी १ सप्टेंबरपासून होते, त्यामुळे ऑगस्टअखेरीस जन्मलेले मूल वर्गात सर्वांत लहान ठरते. भाषा येत नाही म्हणून मुलाला एक वर्ग खाली बसवण्याचा प्रस्ताव शाळेकडून आला, तर प्राथमिक वयात तो सहसा स्वीकारू नये, असे माझे मत आहे. समवयस्क मुले ही भाषेची सर्वांत मोठी शिक्षक असतात आणि आपल्यापेक्षा लहान मुलांत बसवल्याची बोच मूल विसरत नाही. शेवटच्या सार्वजनिक परीक्षेच्या तोंडावर आलेल्या मुलाची गोष्ट वेगळी. त्याला एक जादा वर्ष मिळणे ही कधी कधी मोठी सवलत असते.

नव्या भाषेच्या वर्गात लहान मूल पहिले काही आठवडे, कधी काही महिने, जवळजवळ बोलतच नाही. ते ऐकत असते, साठवत असते. या काळात पाहुण्यांसमोर ‘नव्या भाषेत काहीतरी बोलून दाखव’ असा आग्रह धरू नये आणि मूल घरी बडबड करते हे शिक्षकांना आवर्जून सांगावे, म्हणजे त्यांचा गैरसमज होणार नाही. मूल घरच्या भाषेतही गप्प होऊ लागले, झोप आणि भूक बिघडली किंवा काही महिने उलटूनही शाळेत एक शब्द फुटत नसेल, तर मात्र वाट न पाहता डॉक्टरांना भेटावे.

आईवडिलांनी या महिन्यांत एक काम नेटाने करावे: जेवणाची, झोपेची आणि गोष्ट वाचण्याची वेळ पूर्वीचीच ठेवावी. बाहेरचे सगळे बदललेले असताना घरातले वेळापत्रक तेवढे ओळखीचे राहते.

शाळेची भाषा

टोरांटोतील शिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये एक भेद मांडला, जो स्थलांतरित पालकांना पाठ असायला हवा. मैदानात, बसमध्ये, मित्रांशी बोलण्याची भाषा मुलाला साधारण दोन वर्षांत येते. पण धड्यातील, प्रयोगवहीतील आणि निबंधातील भाषेत समवयस्कांच्या बरोबरीला यायला पाच ते सात वर्षे लागतात. या दोन मुदतींमधल्या वर्षांत मोठी फसगत होते. मूल फाडफाड बोलते आहे असे पाहून शाळा भाषेची जादा शिकवणी बंद करते, आईवडीलही निर्धास्त होतात, आणि मग इतिहासात किंवा विज्ञानात गुण घसरले की त्याचा दोष मुलाच्या बुद्धीला किंवा आळसाला दिला जातो. जादा मदत बंद करण्याचे पत्र आले, तर हा निर्णय वाचन आणि लेखनाच्या चाचणीवरून घेतला की केवळ बोलण्यावरून, हे शाळेला विचारावे. बोलण्यावरून घेतला असेल, तर मदत चालू ठेवण्याची मागणी लेखी करावी.

चौदाव्या-पंधराव्या वर्षी आलेल्या मुलाकडे ही पाच-सात वर्षे नसतातच. त्याच्यासाठी एक उपाय बऱ्यापैकी लागू पडतो. पुढच्या आठवड्यात वर्गात जो धडा येणार आहे तो आधी घरच्या भाषेत समजावून घ्यावा. आईवडिलांना तो विषय येत नसेल तर मूळ देशातील पाठ्यपुस्तके आणि ध्वनिचित्रफिती उपयोगी पडतात. ज्वलन म्हणजे काय किंवा व्याज कसे वाढते हे एका भाषेत समजलेल्या मुलाला दुसऱ्या भाषेत फक्त त्याची नावे शिकावी लागतात. कल्पना आणि शब्द एकाच वेळी नवे असतील, तर दोन्ही निसटतात.

घरची भाषा

येथे पालक सर्वांत जास्त गोंधळतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. ‘घरीही इथलीच भाषा बोला म्हणजे मूल लवकर शिकेल’ असा सल्ला शिक्षक, शेजारी आणि कधी कधी डॉक्टरही देतात. या सल्ल्याचे मूळ जुने आहे. १९२३ मध्ये सेअर या संशोधकाने वेल्समधील मुलांची पाहणी करून दोन भाषा बोलणारी मुले बुद्धीने मागे असतात असा निष्कर्ष काढला होता. पुढे १९६२ मध्ये पील आणि लँबर्ट यांनी माँट्रियलमधील दहा वर्षांच्या मुलांची तुलना घरच्या आर्थिक परिस्थितीचा विचार करून केली, तेव्हा दोन भाषा येणारी मुले कुठेही मागे नव्हती, उलट अनेक चाचण्यांत पुढेच होती. दोन भाषांमुळे बुद्धी तल्लख होते, असा उलट बाजूचा दावाही आता सर्रास केला जातो. त्यावर संशोधकांत एकमत नाही आणि पालकांनी त्यावर फार विसंबण्याचे कारणही नाही.

घरची भाषा टिकवण्याचे खरे कारण याहून साधे आहे. आईवडील ज्या भाषेत विनोद करतात, रागावतात, पश्चात्ताप व्यक्त करतात, त्याच भाषेत ते पूर्ण माणूस असतात. मोडक्यातोडक्या नव्या भाषेत बोलणारे आईवडील ‘जेव’, ‘झोप’, ‘अभ्यास कर’ एवढ्या सूचनांपुरते उरतात. पाच वर्षांच्या मुलाशी तेवढ्यावर निभते. पंधरा वर्षांच्या मुलीला मैत्रिणीने फसवले, तेव्हा तिच्याशी तासभर बोलायला अख्खी भाषा लागते, आणि ती दोघांनाही यावी लागते.

भाषा आपोआप टिकत नाही, ही दुसरी गोष्ट. क्रिस्तोफ पालिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये कोरियात जन्मून तीन ते आठ वर्षांच्या वयात फ्रान्समध्ये दत्तक गेलेल्या प्रौढांची तपासणी केली. त्यांना कोरियन वाक्ये ओळखता येईनात आणि मेंदूच्या प्रतिमांतही त्या भाषेचा माग सापडला नाही. म्हणजे आठ वर्षांपर्यंत अस्खलित बोललेली भाषाही, कानावर पडणे पूर्ण थांबले तर, बहुतांशी पुसली जाऊ शकते. अ‍ॅनिक डी हाउवर यांनी २००७ मध्ये बेल्जियमच्या फ्लेमिश भागातील सुमारे १,९०० कुटुंबांची आकडेवारी प्रसिद्ध केली. ज्या घरांत आईवडिलांपैकी निदान एकजण तरी शाळेच्या भाषेहून वेगळी भाषा बोलत होता, त्यांतील सुमारे पाव घरांतल्या मुलांना ती बोलता येत नव्हती. आई आणि वडील दोघेही घरात तीच भाषा बोलत असतील, तिथे मात्र मुले जवळजवळ हमखास ती बोलत होती. एकाने एक भाषा आणि दुसऱ्याने दुसरी बोलावी, या लोकप्रिय पद्धतीची हमी याच पाहणीत मिळाली नाही. दोघांना घरची भाषा येत असेल, तर दोघांनी तीच बोलावी.

मूल शाळेच्या भाषेत उत्तर देऊ लागले की काय करावे, हा रोजचा प्रश्न असतो. नॉर्वेतील दोन भाषांच्या घरांचा अभ्यास करणाऱ्या एलिझाबेथ लान्झा यांनी दाखवले की पुढचे बरेचसे पालकांच्या त्या क्षणीच्या प्रतिसादावर ठरते. समजा, मुलगा दप्तर टाकता टाकता शाळेच्या भाषेत सांगतो की बाईंनी त्याला सगळ्यांदेखत उठवून विचारले. आईने शाळेच्याच भाषेत उत्तर दिले, किंवा सगळे समजून घेऊन बोलणे तसेच पुढे नेले, तर घरची भाषा ऐच्छिक आहे असा धडा मुलगा घेतो. तिने ‘म्हणजे बाईंनी सगळ्यांसमोर तुला उभं केलं? कशावरून?’ असे घरच्या भाषेत परतून विचारले, तर न रागावता, न शिकवता त्याला हवे ते शब्द मिळतात आणि पुढचे वाक्य बहुधा तो तिच्या भाषेत सुरू करतो. यात एक अपवाद कसोशीने पाळावा. मूल रडत आले असेल, तर ते ज्या भाषेत सांगेल त्या भाषेत आधी ऐकून घ्यावे.

बहुतेक घरांत घरची भाषा जेवणखाण, आंघोळ आणि नातेवाईक यांच्यापुरती आकसते. मुलाचे वय वाढते, भाषेचे वाढत नाही, आणि मग आठवीतले मूल तिला पोरकट समजू लागते. म्हणून बातम्या, पैसा, निवडणुका, शरीरातले बदल, यंत्र कसे चालते, हे विषय जाणूनबुजून घरच्या भाषेत काढावेत. लिपी सहा ते आठ वर्षांच्या दरम्यान शिकवायला घ्यावी. रोज पंधरा मिनिटांचे वाचन हे आठवड्यातून एकदा दोन तास चालणाऱ्या वर्गापेक्षा अधिक काम करते. त्या वर्गाचा मोठा फायदा असा की तिथे हीच भाषा बोलणारी इतर मुलेही दिसतात. दूरच्या आजी-आजोबांशी होणाऱ्या व्हिडिओ कॉलवर ‘बोल ना त्यांच्याशी’ असे म्हणून मुलाला पुढे ढकलण्याऐवजी काहीतरी काम ठरवून द्यावे: आजी-आजोबांनी गोष्टीचे एक प्रकरण वाचावे, पुढचे पुढच्या वेळी. थोरले मूल शाळेत जाऊ लागले की भावंडे आपसांत शाळेची भाषा बोलू लागतात आणि धाकट्याची घरची भाषा थोरल्याहून कच्ची राहते. थोरल्याने धाकट्याला रोज वाचून दाखवावे, एवढ्या नेमाने दोघांचेही भले होते.

मूल उशिरा बोलू लागले, तर दोष दोन भाषांना देऊ नये. शब्द मोजताना दोन्ही भाषांतले मिळून मोजावेत. भाषेचा खरा विकार असेल तर तो दोन्ही भाषांत दिसतो, आणि तपासणीही शक्यतो दोन्ही भाषांत व्हावी असा आग्रह धरावा.

आईवडिलांचे शिकणे

घरात आपली भाषा बोलणे आणि नव्या देशाची भाषा स्वतः न शिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचा आग्रह धरणारे कित्येकजण दुसरीकडे दुर्लक्ष करतात. घरी राहणाऱ्या जोडीदाराची भाषेची शिकवणी ही पहिल्या वर्षातील सर्वांत महत्त्वाची गुंतवणूक समजावी आणि तिचे तास नोकरीच्या तासांइतकेच गंभीरपणे सांभाळावेत. ज्याला भाषा येत नाही त्याच्या हातून शाळा, दवाखाना आणि शेजार हे तिन्ही एकदमच सुटतात.

शाळेशी ओळख करून घेताना पहिल्या भेटीत मुलाच्या नावाचा उच्चार शिक्षकांना दोनदा सांगावा. त्यांच्या सोयीसाठी पालकांनी स्वतःहून नाव छाटून देऊ नये. मुलालाच लहान नाव हवे असेल तर ते त्याला ठरवू द्यावे. पालकसभेत शिक्षक ‘छान चालले आहे’ असे म्हणाले की अनेकजण आभार मानून परततात. कित्येक देशांत शिक्षक टीका फार सौम्य शब्दांत करतात, त्यामुळे नेमके विचारावे लागते. याच वयाच्या मुलांच्या तुलनेत याचे वाचन कुठे आहे, मधल्या सुट्टीत तो कोणाबरोबर असतो, वर्गात आपणहून हात वर करतो का, आणि त्याने लिहिलेले एखादे पान दाखवता का, हे चार प्रश्न पुष्कळ काही उघड करतात. मधल्या सुट्टीविषयीचा प्रश्न टाळू नये, कारण एकटे पडलेले मूल घरी ते सांगत नाही.

वर्गातील तीन-चार मुलांच्या आईवडिलांशी फोन करण्याइतकी ओळख असावी. त्यांच्याशी मैत्री जुळलीच पाहिजे असे नाही. ‘सगळ्यांना परवानगी आहे, फक्त मलाच नाही’ हे वाक्य प्रत्येक देशातील मूल बोलते. स्थानिक पालक ते पडताळू शकतात, स्थलांतरित पालकांना मात्र एक तर डोळे मिटून मान्य करावे लागते किंवा डोळे मिटून नाकारावे लागते.

मुलाला दुभाषा करू नये

दुकानात किंवा बसथांब्यावर मुलाने आईवडिलांसाठी दोन वाक्ये बोलणे यात काही बिघडत नाही, आणि आपण घराच्या उपयोगी पडतो याचा मुलांना अभिमानही वाटतो. दवाखाना, पोलीस, वकील, बँक आणि शाळेतील बैठक इथे मात्र मुलाला मध्ये बसवू नये. आईच्या गर्भाशयातील गाठीविषयी डॉक्टर काय म्हणाले हे बारा वर्षांच्या मुलाने सांगावे, याहून वाईट गोष्ट नाही: त्याला शब्द येत नाहीत, आलेच तर ते सांगवत नाहीत, आणि चुकले तर दोष आपला असे त्याला वाटत राहते. अमेरिकेत २०१६ च्या आरोग्यसेवा नियमांनी तातडीचा प्रसंग सोडून अल्पवयीन मुलांवर दुभाषा म्हणून विसंबण्यास मनाई केली. इतरही अनेक देशांत सरकारी रुग्णालये आणि शाळा विनाशुल्क दुभाषा देतात, पण भेटीची वेळ घेतानाच तो मागावा लागतो. मागायला संकोच वाटतो, हे खरे. तो संकोच मोठ्यांनीच गिळावा.

शिस्त, कायदा आणि ‘तुमच्यासाठीच आलो’

मुलांना मारण्यावर स्वीडनने १९७९ मध्ये जगात सर्वप्रथम पूर्ण कायदेशीर बंदी घातली आणि आज साठांहून अधिक देशांत, घरातसुद्धा, अशी बंदी आहे. मुलाला किती वयापर्यंत घरी एकटे ठेवू नये, गाडीत कसे बसवावे, शाळा किती दिवस चुकली की चौकशी होते, याचे नियमही देशागणिक बदलतात. ते ऐकीव माहितीवर न सोडता पहिल्याच महिन्यात शाळेच्या समुपदेशकाकडून किंवा नगरपालिकेच्या कार्यालयातून समजून घ्यावेत. अनेक पालक कायद्याच्या धास्तीने शिस्तच सोडून देतात, आणि ‘पोलिसांना सांगेन’ असे मूल एकदा म्हणाले की गप्प बसतात. नियम नीट माहीत असलेले आईवडील त्या वाक्याला शांतपणे उत्तर देऊ शकतात, कारण झोपेची वेळ ठरवणे, फोन काढून घेणे किंवा बाहेर जाण्यास नकार देणे याला सहसा कुठे बंदी नसते.

घरातील नियमांची विभागणी दोघांनी मिळून, मुलाच्या अनुपस्थितीत, करून घ्यावी. काही गोष्टींवर तडजोड नाही. त्या मोजक्याच असाव्यात आणि त्यांचे कारण सांगता यायला हवे. बाकीच्या, म्हणजे कपडे, केस, संगीत, मित्राकडे रात्री राहणे, यांवर वाटाघाट होऊ शकते आणि वयाबरोबर सूट वाढत जाते. ‘आपल्यात असे करत नाहीत’ हे कारण दहा वर्षांच्या मुलाला पुरते, चौदाव्या वर्षी पुरत नाही. मुलासाठी एक आणि मुलीसाठी वेगळा नियम असेल, तर नव्या देशात तो मुलीला पहिल्या दिवसापासून दिसतो आणि त्याची किंमत पुढे विश्वासाच्या रूपाने मोजावी लागते.

स्थलांतरात आईवडिलांचीही पत घसरते. पदवीला मान्यता मिळत नाही, पूर्वी हाताखाली माणसे असणारा गृहस्थ रात्रपाळीला उभा राहतो, आणि हे सगळे मुले पाहत असतात. ते लपवण्यात अर्थ नाही. काय झाले आहे, किती काळ असे चालेल आणि पुढची योजना काय, हे वयाला झेपेल एवढे सांगावे. ‘आम्ही हे सगळे तुमच्यासाठीच सोसले’ हे वाक्य मात्र घरातून हद्दपार करावे. ते अनेकदा खरे नसते, कारण निर्णयात मोठ्यांच्या आकांक्षाही असतात. आणि खरे असले तरी मुलाचे प्रत्येक अपयश त्यामुळे कर्जबुडवेपणा होऊन बसते.

किशोरवय आणि दोन्हीकडचे असणे

जॉन बेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये तेरा देशांतील पाच हजारांहून अधिक स्थलांतरित किशोरांची पाहणी प्रसिद्ध केली. घरची संस्कृती आणि नवा समाज या दोन्हींत पाय रोवलेल्या मुलांचे मानसिक स्वास्थ्य आणि शाळेतील वागणे सर्वांत चांगले होते; कुठलेच आपले नाही असे वाटणाऱ्या मुलांचे सर्वांत वाईट. ‘तू नेमका कुठला?’ हा प्रश्न मुलाला बाहेर वारंवार विचारला जातो, घरात तरी त्याला निवड करायला लावू नये. चौदाव्या वर्षी घरच्या सगळ्या गोष्टींची लाज वाटणारे मूल विसाव्या वर्षी त्याच शोधत परत येते, असे पुष्कळदा दिसते, पण मधल्या काळात टोमणे मारलेले नसतील तरच. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातील कलम २९ मध्ये हीच भूमिका आहे: शिक्षणाने मुलाच्या मनात आईवडिलांबद्दल, स्वतःच्या भाषेबद्दल, तो राहतो त्या देशाच्या आणि तो जिथून आला त्या देशाच्या मूल्यांबद्दल आदर निर्माण करावा. शाळा घरची भाषा बोलण्यास मज्जाव करत असेल, तर हे कलम दाखवता येते. अमेरिकेने मात्र या कराराला मंजुरी दिलेली नाही.

वंशावरून किंवा उच्चारावरून चिडवले जाते तेव्हा ‘दुर्लक्ष कर’ हा सल्ला सर्वांत सोपा आणि सर्वांत निरुपयोगी असतो. काय म्हटले, कोणी, कधी, कोणासमोर, याची तारखेसह नोंद करून ठेवावी आणि शाळेला पत्र लिहावे. तोंडी तक्रार विसरली जाते, लेखी तक्रारीला उत्तर द्यावे लागते. पत्र पाठवण्यापूर्वी मुलाला ते वाचून दाखवावे, म्हणजे आपल्या पाठीमागे काय चालले आहे अशी भीती त्याला राहत नाही.

मागाहून आलेली मुले

अनेक कुटुंबे एकदम निघत नाहीत. आधी एक पालक जातो, मूल नातेवाईकांकडे राहते आणि काही वर्षांनी बोलावले जाते. कॅरोला आणि मार्सेलो स्वारेझ-ओरोस्को यांनी १९९७ पासून अमेरिकेत नव्याने आलेल्या सुमारे चारशे मुलांचा अभ्यास केला, त्यात बहुसंख्य मुले स्थलांतराच्या ओघात एका किंवा दोन्ही पालकांपासून कधी ना कधी दूर राहिलेली होती. अशा पुनर्भेटीत आईवडिलांना आनंदाश्रूंची अपेक्षा असते आणि समोर येते ते अनोळखी, घुमे, कधी चिडलेले मूल, कारण त्याच्या लेखी ते नुकतेच खऱ्या घरापासून तुटलेले असते. ज्यांनी त्याला सांभाळले त्यांच्याशी रोजचे बोलणे निदान पहिले वर्ष चालू ठेवावे आणि त्याचा हेवा करू नये. इथे जन्मलेले धाकटे भावंड असेल, तर आलेल्या मुलाला त्याच्या सांभाळाला जुंपू नये. शिस्तीचा बडगा पहिल्या महिन्यांत उगारू नये. अधिकार आधी सहवासाने मिळवावा लागतो.

वयाच्या मर्यादा आणि कागद

एक बाब कोरडी आहे, पण ती चुकली तर वर्षानुवर्षांचे नियोजन कोलमडते. मुलाचा निवासाचा हक्क अनेकदा आईवडिलांच्या परवान्यावर अवलंबून असतो आणि विशिष्ट वयाला तो संपतो. अमेरिकेत आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेले मूल २१ वर्षांचे झाले की अवलंबित राहत नाही आणि त्याला स्वतःचा वेगळा दर्जा मिळवावा लागतो. विद्यापीठाचे स्थानिक शुल्क लागू होण्यासाठी किती वर्षांचे वास्तव्य लागते, मूळ देशाचे नागरिकत्व ठेवता येते का, सक्तीची लष्करी सेवा लागू होते का, या प्रश्नांची उत्तरे मूल बारा-तेरा वर्षांचे असतानाच मिळवावीत, कारण काही अर्जांच्या मुदती सोळाव्या-सतराव्या वर्षीच निघून जातात. परवान्यांच्या आणि पारपत्रांच्या मुदतींची एक यादी घरात असावी आणि सोळा वर्षांवरील मुलाला ती स्वतः वाचता यावी.

‘दोन वर्षांत परत जाऊ’ हे वाक्य ठरलेले नसताना मुलांसमोर बोलू नये. परत जायचेच आहे असे धरून चाललेले मूल मित्र करत नाही, भाषेत जीव ओतत नाही, आणि दोन वर्षांची सहा वर्षे होतात. निर्णय झालेला नसेल तर तसेच सांगावे, तो कधीपर्यंत घ्यायचा याची तारीख ठरवावी, आणि मूल दहा वर्षांचे किंवा त्याहून मोठे असेल तर त्या बोलण्याच्या वेळी त्यालाही बसवावे.